मालवणला बुडी मारली, आता लेस्टरला क्लब शोधतेय: क्लब की दुकान?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्याच्या, वय चौतीस, मालवणला दोनदा स्कूबा केलंय, नोकरीसाठी इंग्लंडात लेस्टरला आलाय, घराजवळच्या स्विमिंग पूलवर दर मंगळवारी एक डाइव्हिंग क्लब जमतो असं कळलंय. तर तिकडे जावं की सरळ डाइव्हिंगच्या दुकानात पैसे भरून कोर्स करावा, सगळे रिटायर्ड गोरे काका असतील का, मी दारू पीत नाही, शाकाहारी आहे, चष्मा आहे आणि पोहणं "येतं पण भारी नाही". बरोबर ना?

मी डोंबिवलीची, मिडलंड्समध्ये सोळा वर्षं झाली, त्यातली तेरा एका क्लबात. आता डाइव्ह लीडर आहे आणि नवीन मंडळींना पूलमध्ये शिकवते. उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी मालवणचं. त्याला मी अजिबात हसणार नाही, माझी सुरुवातही तिथलीच, सिंधुदुर्ग किल्ल्याजवळची, पाव खायला आलेले मासे आणि मागून हात हलवणारा दादा. पण तिथे नेमकं काय झालं ते आठवा. तुमच्या पाठीवरचा सिलिंडर त्या दादाने धरला होता, वर-खाली तो नेत होता, तुम्ही फक्त श्वास घेतला आणि फोटोला पोज दिली. तो अनुभव झाला, डाइव्हिंग शिकणं नाही. तिकडेही रीतसर शिकता येतं, तारकर्लीला एमटीडीसीची संस्था आहे, तिथे सर्टिफिकेटचे कोर्स असतात, पण एक दिवसाच्या ट्रिपमध्ये जे मिळतं ते हे नव्हे. म्हणजे इथे तुम्ही पहिल्या पायरीवर आहात, आणि क्लबात तसंच सांगा, "मी डाइव्हर आहे" म्हणून जाऊ नका, पहिल्याच मंगळवारी मास्कमध्ये पाणी भरायला सांगतील आणि फजिती होईल.

आता क्लब की दुकान. इकडचे बहुतेक क्लब हे ब्रिटिश सब-अ‍ॅक्वा क्लबच्या शाखा असतात, सगळे त्याला बीसॅक म्हणतात. १९५३ साली सुरू झाला. त्या काळात पैसे भरून डाइव्हिंग शिकवणारी दुकानं जवळपास नव्हतीच, ज्याला पाण्याखाली जायचंय त्याने आणखी चार वेडे गोळा करायचे, पूल भाड्याने घ्यायचा, एकमेकांना शिकवायचं. तीच पद्धत अजून चालू आहे. अमेरिकेत १९६६ ला निघालेली पाडी ही डाइव्हिंग शिकवणारी संस्था म्हणजे वेगळी गोष्ट, तिथे शिकवणं हा व्यवसाय आहे, इन्स्ट्रक्टरचं पोट त्याच्यावर आहे, त्यामुळे सगळं चटपटीत, दोन वीकेंडमध्ये कार्ड हातात. त्यात वाईट काहीच नाही, अंदमानला पुढच्या महिन्यात जायचंय आणि सर्टिफिकेट हवंय तर दुकानच बरं.

क्लब कसा असतो हे कळायला तुम्ही सह्याद्रीतले जुने ट्रेकिंग ग्रुप आठवा. लीडर पगारी नसतो, टीटीएमएम, ज्याच्याकडे जास्तीचा रोप आहे तो आणतो, चुलीवर खिचडी कोण टाकणार ते ठरलेलं असतं, आणि नवीन पोरगं पहिल्या दोन ट्रेकला गप्प बसून तिसऱ्याला कांदे चिरायला लागतं. हुबेहूब तेच. आमच्या क्लबात मला ज्याने शिकवलं तो प्लंबर आहे, दिवसभर लोकांचे बॉयलर दुरुस्त करून संध्याकाळी साडेआठला पूलवर यायचा, एक पेनी न घेता. पूलचं भाडं, अभ्यासाचं साहित्य, वर्षाची वर्गणी एवढं आपण भरायचं, शिकवण्याचे पैसे नाहीत. पण त्याचा अर्थ असाही की त्याच्या मुलीचा शाळेतला कार्यक्रम असेल त्या मंगळवारी तुमचा धडा होणार नाही आणि त्याबद्दल तोंड वाकडं करायचं नाही. माझं पहिलं सर्टिफिकेट व्हायला ऑक्टोबर ते मे गेला. दुकानात गेले असते तर पंधरा दिवसांत झालं असतं. पण पंधरा दिवसांनंतर मी कुणाबरोबर डाइव्ह केला असता? हा प्रश्न कुणी विचारत नाही बघा. कार्ड मिळतं, आणि मग एकटं पाण्यात जायचं नाही हा तर ठरलेला नियम, मग बडी, म्हणजे पाण्यातला जोडीदार, आणायचा कुठून, लेस्टरमध्ये ऑफिसातल्या एचआरवालीला घेऊन जाणार का? क्लबात तुम्ही जे घेता ते मुळात हेच, पुढच्या दहा वर्षांचे बडी.

कोर्सचं सांगते. पहिल्या पायरीला ओशन डायव्हर म्हणतात, २० मीटरपर्यंत जायची मुभा, पाडीच्या ओपन वॉटरला १८. थिअरीचे तास, एक परीक्षा, पूलमधले धडे, मग उघड्या पाण्यातले डाइव्ह. त्यानंतर स्पोर्ट्स डायव्हर, ३५ मीटर, तेही एकदम नाही, हळूहळू खोली वाढवत. मग डाइव्ह लीडर. घाई नको. आमच्याकडे एक जण बारा वर्षं ओशन डायव्हरच आहे, त्याला सहा मीटरवर खेकड्यांचे फोटो काढायला आवडतात, कुणी त्याला टोकत नाही.

थिअरीला घाबरू नका, दहावीचं गणित पुरतं. एक उदाहरण देते, कारण हे एकदा डोक्यात बसलं की निम्मी भीती जाते. दर १० मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाने वाढतो, म्हणजे वरच्या हवेचं एक धरून २० मीटरवर तुमच्यावर तीन वातावरणांचा दाब, आणि प्रत्येक श्वासाला पृष्ठभागापेक्षा तिप्पट हवा जाते. समजा वर तुम्ही मिनिटाला २० लिटर ओढता, खाली ६०. सिलिंडर १२ लिटरचा, २०० बारला भरलेला (एक बार म्हणजे साधारण एका वातावरणाचा दाब), म्हणजे २४०० लिटर हवा. त्यातली ५० बार, म्हणजे ६०० लिटर, राखीव, त्याला हात लावायचा नाही. उरली १८००, भागिले ६०, आली तीस मिनिटं. यात खाली जाणं-वर येणं धरलेलं नाही, शिवाय नवशिके घाबरून मिनिटाला तीस लिटरही ओढतात, म्हणजे वीसच मिनिटं. माझी पहिल्या वर्षीची हवा पाहून बडी म्हणाला होता, तू श्वास घेतेस की सिलिंडर पितेस. हळूहळू कमी होतं ते, आपोआप.

आता थंडी. याबद्दल लोक गोड बोलतात, मी बोलणार नाही. मालवणचं पाणी तुम्हाला आठवतंय, ते विसरा. इथला समुद्र फेब्रुवारी-मार्चमध्ये सात-आठ अंशांवर जातो आणि ऑगस्टच्या शेवटी दक्षिण किनाऱ्याला कसाबसा सोळा-सतरा. खाणीतलं पाणी हिवाळ्यात पाच अंश. तुम्हाला बहुतेक नेतील स्टोनी कोव्हला, लेस्टरहून गाडीने अर्ध्या तासावर, ग्रॅनाइटची जुनी खाण पाण्याने भरलेली. समुद्रापासून इतक्या लांब ही जागा असायचं कारणही साधं आहे, मिडलंड्स म्हणजे या देशाची बेंबी, समुद्रापासून सर्वात लांबचं ठिकाण मानतात ते कोटन इन द एल्म्स शेजारच्या डर्बीशायरमध्येच, साधारण ११३ किलोमीटर आत. तर मग शिकायचं कुठे, खाणीत. स्टोनी कोव्हला पायऱ्यांसारखे टप्पे आहेत, पहिला सहा-सात मीटरचा, दुसरा वीस-बावीसचा, तळ पस्तीसच्या आसपास. बघायला काय, तर बुडवून ठेवलेली वाहनं आणि बोटी, स्टेनगार्थ नावाची अख्खी टगबोट खाली उभी केलेली आहे, आणि पाइक नावाचा दातेरी मासा, जो तुमच्याकडे वसुलीला आलेल्या माणसासारखा बघतो. पाणी हिरवट, दृश्यमानता चांगल्या दिवशी आठ-दहा मीटर आणि शनिवारी अकरा वाजता चाळीस विद्यार्थ्यांनी गाळ उडवला की दोन.

थंडीवरचा इलाज ड्रायसूट. आत अंडरसूट घालायचा, तो म्हणजे अंगावर शिवलेली गोधडी, आणि वरून न भिजणारा सूट, गळ्याला आणि मनगटाला घट्ट रबर. आत हवा असते, ती खाली जाताना थोडी थोडी भरायची, वर येताना सोडायची. इथेच माझी फजिती झाली ती सांगते. स्टोनी कोव्हचा माझा दुसरा डाइव्ह, सहा मीटरवर होतो, एका दगडाखाली क्रेफिश दिसला, म्हणजे आपला झिंगा आणि खेकडा यांच्यामधला प्राणी समजा, मी वाकून बघायला गेले, डोकं खाली पाय वर. सूटमधली सगळी हवा पायांकडे पळाली. पाय फुग्यासारखे झाले, आणि मी उलटी, तंगड्या वर करून, निघाले पृष्ठभागाकडे. हवा सोडायचा व्हॉल्व्ह खांद्यावर, तो आता सगळ्यात खाली, त्यातून काय डोंबल सुटणार. इन्स्ट्रक्टरने माझ्या पायातला फिन धरून ओढलं, गुडघे पोटाशी घेऊन कोलांटी मारायला लावली, हवा खांद्याकडे आली, सुटली, संपलं. पाच-सात सेकंदांचा खेळ. पण त्या वेळी मी श्वास रोखून धरला असता तर फुप्फुसातली हवा वर येताना फुगली असती आणि ते हसण्यावारी न्यायचं प्रकरण नव्हतं. म्हणून डाइव्हिंगमधला पहिला नियम पाठ करून ठेवा, श्वास कधीही रोखायचा नाही, काहीही होवो. चूक माझीच होती, शिकवलेलं होतं, मी क्रेफिशच्या नादात विसरले. त्यानंतर मला पुढचे दोन मंगळवार पूलमध्ये नुसत्या कोलांट्या मारायला लावल्या, आणि सगळा क्लब काठावर उभा राहून मार्क देत होता. ही अशी गंमत करणारी माणसं हवीत, आणि त्याच वेळी दोन मंगळवार खर्च करणारीही.

दुसरी एक आपली खास गोची. आपण सगळं ठीक आहे म्हणायला अंगठा वर करतो. पाण्याखाली अंगठा वर म्हणजे "वर चला, डाइव्ह संपला". ठीकसाठी अंगठा आणि तर्जनीचं गोल वर्तुळ. माझ्या एका विद्यार्थ्याने, तो नाशिकचा, पहिल्या डाइव्हला खूश होऊन मला तीनदा अंगठा दाखवला, मी तीनदा त्याला वर घेऊन आले, आणि तिसऱ्यांदा तो वैतागून म्हणाला की अहो मॅडम, छान चाललंय तर सारखं वर का आणताय!

आता तुमचा खरा प्रश्न, क्लब चांगला आहे, माणसं मोकळी आहेत हे ओळखायचं कसं. वेबसाइटवर सगळेच स्वतःला फ्रेंडली म्हणवतात. मी पहिल्यांदा ज्या क्लबात गेले (नाव नको) तिथे दीड तास काठावरच्या बाकावर बसले होते. वाईट कुणीच वागलं नाही, सगळ्यांनी मान हलवून हॅलो केलं, आणि मग आपापसात मागच्या वर्षीच्या कुठल्याशा बुडालेल्या जहाजाच्या गप्पा. ती माणसं एकमेकांशी इतकी छान होती की त्यांना नवीन कुणी नकोच होतं. घरी आले आणि नवऱ्याला म्हटलं, आपलं हे काम नाही. तीन महिन्यांनी एका सहकाऱ्याने दुसरीकडे नेलं. तिथे दारातच एका बाईने विचारलं, चष्मा आहे का, किती नंबर, आणि कपाटातून नंबरचा मास्क काढून दिला, क्लबाने दोन-तीन नंबर ठेवले होते. म्हणजे माझ्याआधी कुणीतरी चष्मेवाला आला होता आणि पुढेही येईल असा विचार कुणीतरी केला होता. मी त्याच क्लबात आहे.

म्हणून जाल तेव्हा हे बघा. कुणी तुम्हाला तुमच्याबद्दल विचारतं का, की फक्त स्वतःचे पराक्रम सांगतात. पूलमध्ये सगळ्यात हळू शिकणारा माणूस शोधा आणि त्याच्याशी कसं वागतात ते पाहा, मास्कमधलं पाणी बाहेर काढायला ज्याला दहा वेळा लागतात त्याच्याबरोबरचा इन्स्ट्रक्टर घड्याळ बघतो का. विचारा, गेल्या उन्हाळ्यात नवशिक्यांसाठी किती डाइव्ह काढले. हा प्रश्न फार कामाचा आहे, कारण कित्येक क्लब शिकवतात छान, पण नंतर सगळ्या ट्रिपा ३५-४० मीटरच्या आणि नवा माणूस वर बोटीवर बसून सगळ्यांचे कोट सांभाळतो, तो पुढच्या वर्षी येत नाही. सेक्रेटरीने ढोबळ तारखा सांगितल्या तर चांगलं, "हो, बघू, काढतो" म्हणाला तर समजून घ्या. आणि पैशांबद्दल सरळ विचारा. वर्षाची वर्गणी किती, त्यात बीसॅकची सदस्यता धरली आहे का, पूलचे वेगळे आहेत का, क्लबचं सामान किती महिने फुकट वापरता येतं. बीसॅकच्या सदस्यतेत थर्ड पार्टी विमा येतो, तो महत्त्वाचा, पण त्यात तुमचा स्वतःचा अपघात विमा धरू नका.

सामानाचं एकच सांगते, लगेच विकत घेऊ नका. नवीन माणूस पहिल्या महिन्यात उत्साहाने हजार पाउंड घालवतो आणि वर्षभराने सगळं फेसबुकवर विकायला काढतो, आमचे निम्मे सेकंडहँड ड्रायसूट तिथूनच येतात. आधी फक्त स्वतःचा मास्क घ्या, चेहऱ्याला लावून, पट्टा न ओढता, नाकाने श्वास आत घ्या, चिकटून राहिला तर तुमचा. चष्मा असेल तर नंबरच्या काचा बसवून मिळतात. सेकंडहँड सिलिंडर घेतलाच तर खांद्यावर ठोकलेली टेस्टची तारीख बघा, इथे अडीच वर्षांनी आतून तपासणी आणि पाच वर्षांनी पूर्ण दाबाची चाचणी लागते, तारीख गेलेली असेल तर कुणीही हवा भरून देणार नाही. जुन्या ड्रायसूटची झिप आधी तपासा, ती बदलायचा खर्च ऐकून तुम्ही सूट परत कराल.

गोरे काका असतात का? असतात. खोटं कशाला बोलू. मी गेले तेव्हा तेवीस जणांत पाच बायका आणि मी एकटी सावळी. आज बायका बऱ्याच आहेत, एक तमिळ जोडपं आहे, एक नायजेरियन डॉक्टर आहे, आणि काका आहेतच. पण हे काका म्हणजे क्लबाचा कणा, त्यांच्याकडे वेळ आहे, व्हॅन आहे आणि कुठलीही वस्तू केबल टायने दुरुस्त करायची विद्या आहे. त्यांचे विनोद पहिल्या वर्षी कळत नाहीत, दुसऱ्या वर्षी कळतात आणि तिसऱ्या वर्षी तेच विनोद तुम्ही नव्यांना सांगता. कुणी खरंच टोचून बोललं तर कमिटीत वेल्फेअर बघणारं कुणी आहे का ते पहिल्याच दिवशी विचारून ठेवा, चांगल्या क्लबात असतं आणि ते नाव भिंतीवर लावलेलं असतं.

पूलनंतर सगळे पबमध्ये जातात. जा. दारू पिण्यासाठी नाही, पुढच्या रविवारी कोण कुणाच्या गाडीत बसतंय ते तिथेच ठरतं म्हणून. मी तेरा वर्षं लाइम सोडा आणि चिप्सवर काढलीत, कुणी एका शब्दाने विचारलं नाही. खाणीवर सकाळी बेकन रोलची रांग लागते, तिथे अंडं चालत असेल तर एग रोल मागा, नाहीतर घरून पराठे न्या, आणि जास्त न्या, थंडीने कुडकुडणाऱ्या इंग्रजाला मेथीचा पराठा आणि लोणचं दिलं की तो तुमचा सिलिंडर आयुष्यभर उचलतो. माझा ठेपल्यांचा डबा तर आता किट लिस्टमध्ये लिहिलेला असतो.

पोहण्याचं. स्पर्धेतलं पोहणं नको, पण पाण्यात आत्मविश्वास हवा. अंदाज हवा असेल तर पाडीची अट लक्षात ठेवा, २०० मीटर पोहणं, वेळेचं बंधन नाही, आणि दहा मिनिटं तरंगणं. क्लबातही पोहणं तपासतातच. आत्तापासून आठवड्यातून दोनदा पूलवर जा, दोन महिन्यांत होतं. तब्येतीचा फॉर्म असतो, त्यात दमा, ब्लड प्रेशर, फिट्स, हृदय, कानाचं ऑपरेशन, मधुमेह असे प्रश्न असतात. एकालाही "हो" असेल तर डाइव्हिंगचं जाणणाऱ्या डॉक्टरला दाखवावं लागतं. "हो" म्हणजे नकार असं मुळीच नाही, दमा असलेले बरेच जण डाइव्ह करतात, पण लपवू नका, कारण खाली गेल्यावर तुमच्याबरोबर तुमचा बडीही अडकतो.

आता समुद्राबद्दल, कारण शेवटी सगळं त्याच्यासाठी. पहिल्या उन्हाळ्यात बहुतेक तुम्हाला प्लिमथला नेतील, लेस्टरहून पाच तासांची ड्राइव्ह, शुक्रवारी ऑफिस सुटलं की मागे बोटीचा ट्रेलर. तिथे जेम्स ईगन लेन नावाचं मालवाहू जहाज आहे, मार्च १९४५ मध्ये जर्मन पाणबुडीने टॉर्पेडो मारला आणि ते किनाऱ्याजवळ आणून टेकवलं गेलं, आणि त्याच्याजवळच सिला नावाची युद्धनौका २००४ साली मुद्दाम बुडवली, समुद्री जिवांना घर मिळावं आणि डायव्हरना बघायला. दोन्ही नवशिक्यांना झेपण्यासारखी, नीट माणूस बरोबर असेल तर. मी ईगन लेनच्या फासळ्यांमधून पहिल्यांदा वर बघितलं तेव्हा हिरव्या उजेडात माशांचा थवा वळला, आणि मी बडीचा हात इतका घट्ट धरला की त्याने वर येऊन बोटं मोजून दाखवली.

इथल्या समुद्राची खोड म्हणजे प्रवाह. आपल्या मालवणकडे भरती-ओहोटीचा फरक दोन-तीन मीटरचा, ब्रिस्टल चॅनलमध्ये उधाणाला तो चौदा मीटरपर्यंत जातो. एवढं पाणी सहा तासांत आत आणि सहा तासांत बाहेर, म्हणजे मधे नदी वाहत असते. म्हणून इंग्लिश चॅनलमधल्या बऱ्याच जहाजांवर फक्त स्लॅकला उतरतात, भरती थांबून ओहोटी सुरू व्हायच्या मधला वेळ, कुठे वीस मिनिटं, कुठे चाळीस. स्लॅक सकाळी सहा वाजता असेल तर तुम्ही पहाटे चारला किनाऱ्यावर पँट बदलत असता. आपले कोळी उधाण आणि भांग (सगळ्यात कमी भरती-ओहोटीचे दिवस) बघून निघतात ना, तसंच इथे सगळं कॅलेंडर टाइड टेबलवर. मला हे शिकायला सगळ्यात मजा आली, आमचे आजोबा अलिबागकडचे, ते तिथी सांगून भरतीची वेळ सांगायचे, ते मी क्लबात एकदा बोलले तर तेव्हापासून मलाच टाइड टेबल लावायला बसवतात.

आणि इथेच तुमचं काम सुरू होतं. क्लबाच्या डाइव्हवर एक मॅनेजर असतो, तो त्या दिवशी पाण्यात गेला नाही तरी चालेल पण स्लेट त्याच्या हातात. कोण किती वाजता उतरलं, किती बार घेऊन, किती वाजता यायला हवं, आलं का. पहिल्यांदा तुम्हाला नुसती नावं लिहायला लावतील. कंटाळवाणं वाटेल. पण बोटीत बसून खालच्या डायव्हरने सोडलेला पिवळा किंवा नारिंगी फुगा पाण्यावर कधी येतो याची वाट बघताना तुम्हाला कळतं की खाली असताना वर कुणीतरी तुमच्यासाठी असंच टक लावून बसलेलं असतं. मग सामान धुणं, बोटीच्या ट्रेलरला ग्रीस लावणं, हवा भरण्याच्या कंप्रेसरपाशी तासभर कानात बोळे घालून उभं राहणं. गणपती मंडळात वर्गणी भरून फक्त आरतीला येणारे असतात आणि मांडव घालणारे असतात. क्लबात पहिल्या प्रकाराला कुणी हाकलत नाही, पण रविवारच्या बोटीत एकच जागा उरली की ती कुणाला जाते ते सांगायला नको.

एक सावधगिरी, जाता जाता: जहाजावरून पितळेचा तुकडा, भांडं, काहीही वर आणलंत तर ते आपलं होत नाही. इथे रिसीव्हर ऑफ रेक नावाचा सरकारी अधिकारी असतो, त्याला २८ दिवसांत कळवावं लागतं. आठवण म्हणून खिशात टाकू नका, फोटो काढा. आणि भारतात जायचं विमान असेल तर शेवटच्या डाइव्हनंतर चोवीस तास जाऊ द्या, रक्तातला नायट्रोजन निघायला वेळ लागतो.

तर या मंगळवारी जा. पंधरा मिनिटं आधी पोचा, सेक्रेटरीला आधी ईमेल करून ठेवा, बहुतेक क्लब ट्राय डाइव्ह, म्हणजे एकदा करून बघायची संधी, देतात, त्या रात्री पैसे न देता नुसतं बघायलाही हरकत नसते. बरोबर स्विमिंग कॉस्ट्यूम, वर घालायला जुना टी-शर्ट कारण सिलिंडरचे पट्टे खांद्याला घासतात, टॉवेल, बाहेर पडल्यावर घालायला लोकरीची टोपी, केस ओले घेऊन पार्किंगमध्ये पाऊण तास गप्पा होतात. आणि लॉकरसाठी एक पाउंडाचं नाणं, ते आमच्यापैकी कुणाकडेच कधी नसतं.